घर पाहावं रानात बांधून

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडं म्हणतात. लग्नाचा अनुभव इथं सांगत नाही, तो सर्वांना असतो. घराचा सांगतो. प्राथमिक शाळेत नोकरी करून मी मे २०१८ मध्ये निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं नगर शहरात भाड्याच्या घरात गेली. निवृत्तीनंतर घर बांधलं ते अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढं भंडारदऱ्याच्या वाटेवर असलेल्या आमच्या वडिलोपार्जित रानात. रान म्हणजे डोंगरउताराची चार एकर जमीन. तिच्यात हिरडे, बेहडे, दोन-तीन जुने आंबे, जांभळी आणि ओढ्याकाठी एक मोठा उंबर.

आता घर उभं आहे, आम्ही दोघं त्यात राहतो, म्हणून लोक विचारायला येतात. कुणी नोकरी संपवून गावी परतणारा असतो, कुणी शहरात राहून गावाकडं एक घर असावं असं म्हणणारा. ‘गुरुजी, झाडीतली जागा आहे, काय काय लागेल?’ सिमेंटच्या गोण्या आणि लोखंड किती लागेल ते कुठलाही मिस्त्री सांगेल. मी त्यांना सांगतो ते माझ्या चुकांमधून शिकलेलं आहे, आणि आज तेच आपल्यापुढं मांडणार आहे.

पहिली चूक जागा निवडण्यात झाली. २०१८ च्या दिवाळीनंतर मिस्त्रीला घेऊन रानात गेलो. सगळा उतार, पण मध्ये एक पट्टा कसा अगदी सपाट! मिस्त्री खूश. भरावाचा खर्च नाही, जोतं कमी उंचीचं चालेल, गाडीही जवळ येईल. फक्त कडेची सात झाडं काढावी लागणार होती. त्यानं लगेच चुन्याची फक्की मारली. आम्ही फक्कीभोवती उभे असताना शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी मावशी डोक्यावर मोळी घेऊन त्या वाटेनं आली. थांबली, फक्कीकडं पाहिलं आणि म्हणाली, “गुरुजी, हितं घर? हे तर तुमच्या आज्याचं खाचर. आवणी व्हायची हितं.”

आवणी म्हणजे भाताची लावणी. मी शाळेत मुलांना भाताच्या खाचराची माहिती शिकवलेला माणूस. पण आपल्याच रानात खाचर ओळखू शकलो नव्हतो. डोंगरउतारावर सपाट जागा आपोआप होत नाही. ती माणसानं बांध घालून केलेली असते, नाहीतर पाण्यानं गाळ आणून केलेली असते. दोन्हींचा अर्थ एकच, तिथं पाणी थांबतं. घर बांधायला जी जागा सोयीची दिसते, ती मुळात पाणी साठवायला केलेली असू शकते.

सौ. म्हणाली, एक पावसाळा जाऊ द्या. मला ते वर्ष फुकट जाईल असं वाटलं, पण थांबलो. २०१९ च्या पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा छत्री, वही आणि बांबूच्या खुंट्या घेऊन रानात जाऊ लागलो. जिथून पाणी वाहिलं तिथं खुंटी. जिथं दुसऱ्या दिवशीही पाय रुतला तिथं खुंटी. जुलैत त्या सपाट पट्ट्यात पोटरीएवढं पाणी होतं. त्याच्या वरच्या अंगाला, मुरमाच्या उतारावर, रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी चप्पल भरत नव्हती. तिथं मोठं झाडही नव्हतं. तीच जागा ठरली. घर चौदाशे चौरस फुटांचं व्हायचं ते नऊशेचं झालं, आणि सातही झाडं राहिली.

आपला जिल्हा, २०२४ पासून ज्याचं नाव अहिल्यानगर झालं, तो राज्यात क्षेत्रफळानं सर्वांत मोठा आहे आणि त्यात एकच हवामान नाही. जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आणि याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. म्हणून पाथर्डी-शेवगावकडं जाड भिंतींची, मातीच्या धाब्याची घरं झाली. उन्हात ती गार राहतात आणि बेताच्या पावसात टिकतात. आमच्या डोंगरात उतरत्या छपराची घरं झाली. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर कारवीच्या काठ्यांच्या, शेणामातीनं लिंपलेल्या कुडाच्या भिंती असत. त्या भिजल्या तरी लवकर वाळत, आणि चुलीच्या धुरानं छपराच्या लाकडाला कीड कमी लागे. आता घरात गॅस आला, धूर गेला. तेव्हा जुन्या पद्धतीचं लाकूड वापरायचं तर वाळवी आणि किडीचा बंदोबस्त आधी करायला हवा. जुन्या घराची नक्कल करू नये, पण ते तसं का होतं हे समजून घ्यावं.

आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडून येतो, आणि तो सरळ खाली पडत नाही, आडवा येतो. या झडीनं भिंत चार महिने ओली राहते. म्हणून पश्चिमेला आम्ही खोल्या ठेवल्याच नाहीत. तिकडं लांब पडवी, तिच्यात जळण आणि अवजारं. खिडक्या पूर्वेला आणि उत्तरेला. छपराला चांगला उतार, वळचण भिंतीपासून तीन फूट बाहेर, आणि पागोळ्या पडतात तिथं दगडी चर. जोतं दोन फूट उंच, आमच्याच रानातल्या काळ्या दगडाचं. पन्हळीला सुरुवातीला साधं तोंड ठेवलं होतं, ते पानांनी आठवड्यात तुंबलं. झाडीतल्या घराला पन्हळीवर जाळी हवी, आणि ती हातानं साफ करता येईल इतकी जवळ हवी.

इतका पाऊस पडूनही डोंगरातल्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी वणवण करावी लागते. काळ्या कातळात पाणी मुरत नाही, वाहून जातं. त्यामुळं छपराचं पाणी धरणं इथं हौस नाही, गरज आहे. हिशोब सोपा आहे. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होतं. हजार मिलिमीटरला एक लाख लिटर. वाया जाणारं सोडलं तरी ऐंशी हजार हाती लागतं. टाकीची जागा घराच्या नकाशातच धरावी. आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ ते २० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. विहीर वर, संडास खाली, हे उलटं झालं तर सगळं घर आजारी पडतं.

आता कागदांचं. जमीन वडिलोपार्जित असो वा विकत घ्यायची असो, सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलंय ते ओळीनं वाचावं. झाडीच्या जमिनीत तीन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. एक, वनाची नोंद आहे का. १९७५ च्या खाजगी वनांच्या कायद्यानं अनेक मालकीची राने सरकारकडं गेली; आणि वन ठरलेल्या जमिनीला १९८० चा वन संवर्धन कायदा लागतो. आमच्याकडं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं. त्याच्या हद्दीजवळ जमीन असेल तर वनखात्याकडं आधी चौकशी करावी. दोन, जमीन आदिवासी खातेदाराची आहे का. तशी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार शासकीय परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीला घेता येत नाही. ‘नावावर राहू दे त्याच्या, ताबा तुमचा’ असं सांगणारे मध्यस्थ भेटतात. त्यात गरिबाची जमीन जाते आणि घेणाऱ्याचे पैसेही जातात. तीन, जो शेतकरी नाही त्याला कूळकायद्यानुसार शेतजमीन सहज विकत घेता येत नाही.

शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतघर बांधण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे. पण क्षेत्राच्या आणि बांधकामाच्या मर्यादा, बिनशेतीची रीत आणि मंजुरी कोणाची, हे नियम गेल्या दहा-बारा वर्षांत अनेकदा बदलले आहेत. म्हणून शेजाऱ्यानं पाच वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नये. तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत त्या दिवशीचा नियम विचारावा, आणि मंजुरी लेखी घ्यावी. रस्त्याचंही तसंच. नकाशावर रस्ता नसेल तर बांधावरून वाट मागण्याचा अर्ज कलम १४३ खाली तहसीलदारांकडं करता येतो. पण आधी शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून चहा घ्यावा. बरेच रस्ते तिथंच मोकळे होतात.

झाड तोडण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘माझं रान, माझं झाड’ असं लोक म्हणतात. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचा कायदा आहे. हिरडा, आंबा, जांभूळ, साग, ऐन, मोह, चिंच, खैर अशी त्यातल्या यादीतली झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाहीत. माझ्या मिस्त्रीनं फक्कीतली जी सात झाडं सहज ‘काढू’ म्हटलं होतं, त्यातली सहा या यादीतली होती.

पण रानात असंही काही असतं जे कुठल्याच कागदावर नसतं. जागा ठरल्यावर मी चारही बाजूंनी तारेचं कुंपण घालायला घेतलं. खांब रोवले, दोन बाजू पूर्ण झाल्या. मग लक्षात आलं की मावशी दिसत नाही. तिची वाट आमच्या रानातून जायची, आणि आमच्या हिरड्यांखालचा बाळहिरडा ती आणि तिच्या सुना वेचायच्या. बाळहिरडा म्हणजे पिकण्याआधीचं वाळलेलं फळ. औषधासाठी, कातडी कमावण्यासाठी त्याला गिऱ्हाईक असतं. डोंगरातल्या घराला त्यातून रोख पैसा मिळतो, तेल-मीठ आणि मुलांच्या वह्या त्यातून येतात. मी नगरला होतो तितकी वर्षं त्या झाडांवर कुणी कुऱ्हाड चालवली नाही, वणवा आला तर विझवला, तो याच लोकांनी.

मी तिच्या वस्तीवर गेलो. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमचं रान हाये गुरुजी. तार लावली म्हंजी लावली.” सातबाऱ्यावर झाडं माझी होती, हे खरंच. पण मला त्या वाक्याची लाज वाटली. परत येऊन खांब हलवले. कुंपण आता फक्त घर, परसबाग आणि विहीर यांच्याभोवती आहे. बाकी रानाला दोन कवाड्या ठेवल्या, त्यांना कुलूप नाही. हिरडा पूर्वीसारखाच ती वेचते. आम्हाला त्याचा तोटा झाला असं म्हणायला जागा नाही, कारण आम्ही तो कधी वेचलाच नव्हता.

काम नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा अर्धी कौलं चढली होती. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. कोकणात शिरलेलं ते वादळ आमच्या डोंगरावरूनही गेलं. घराच्या दक्षिणेला जुना आंबा होता. त्याची एक फांदी वाळलेली होती. सुताराची सूचना होती, ‘छाटून टाका.’ मी झाडाला हात लावू द्यायला तयार नव्हतो. ती फांदी त्या दिवशी छपरावर आली. कौलं फुटली, दोन वासे मोडले. सुदैवानं घरात कुणी नव्हतं. झाड राखायचं म्हणजे त्याच्याकडं पाहायचंच नाही असं नव्हे. घराजवळच्या मोठ्या झाडाची वाळकी, पोकळ, छपरावर झुकलेली फांदी दर उन्हाळ्यात जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावी.

पाया आणि झाड यांचंही नातं समजून घ्यायला हवं. मूळ दगडी पाया फोडतं असं आपण समजतो. चांगल्या पायाला ते सहसा फोडत नाही; फट असेल तिथं किंवा गळक्या नळात शिरतं. वड, पिंपळ, उंबर यांच्यापासून मात्र दूरच राहावं. खरा धोका काळ्या चिकण मातीत. उन्हाळ्यात झाड तिच्यातलं पाणी ओढून घेतं, माती आकसते; पावसाळ्यात फुगते. या ये-जामुळं भिंतींना तडे जातात. अशा मातीत झाडाच्या उंचीइतकं अंतर सोडावं, हा ढोबळ नियम. आणि तिथलं जुनं झाड तोडून लगेच पाया घेऊ नये. झाड गेल्यावर माती पुन्हा पाणी धरून फुगते. आमच्याकडं मुरूम आहे म्हणून थोडक्यात निभावलं.

आता माझी सर्वांत मोठी चूक. घराच्या जागेपासून वीस-बावीस फुटांवर एक जांभूळ होती, फक्कीतल्या सातांपैकीच एक. तिला वाचवलं याचा मला अभिमान. तिची सावली मोठी, म्हणून वर्षभर सगळं काम तिच्याखालीच चाललं. वाळू-खडीच्या गाड्या तिथंच रिकाम्या झाल्या, सिमेंटचा माल तिथंच कालवला, घमेली आणि थापी तिथंच धुतल्या, पायाची उरलेली माती तिच्या बुंध्याशी ओढली. कुऱ्हाड कुणी लावली नाही. २०२१ ला ती फळली. २०२२ ला पानं बारीक आली, शेंडा वाळला. २०२३ च्या उन्हाळ्यात ती गेली.

कृषी खात्यातल्या एका परिचितानं मग समजावून सांगितलं. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं खोल नसतात. बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. गाड्यांच्या वजनानं माती दबली की हवा बंद. वर भराव टाकला तरी तेच. सिमेंटच्या पाण्यानं माती बिघडते. झाड साठ्यावर दोन-तीन वर्षं काढतं, त्यामुळं कशानं मेलं ते आपल्या ध्यानातही येत नाही. उपाय अगदी स्वस्त होता. पहिली गाडी येण्याआधी फांद्यांच्या घेराएवढं बांबूचं कुंपण, आणि काम संपेपर्यंत आत कुणी जायचं नाही. तारेच्या कुंपणावर मी हजारो रुपये घालवले; हे दोनशे रुपयांचं कुंपण सुचलं नाही.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. तिला मुळांचं शास्त्र नवं नव्हतं. म्हणाली, “वरीसभर तिच्या पायांवर नाचलात, गुरुजी. ती किती सोसंल?”

रानात राहायला गेल्यावर आपण पाहुणे असतो, यजमान नव्हे. अकोले खोऱ्यातल्या बिबट्यांचा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेती आणि वस्तीच्या या भागात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे आपण घर बांधलं म्हणून बिबट्या आलेला नसतो, तो आधीपासून असतो. मोकळी कुत्री, उघडा गोठा आणि उकिरडा त्याला घराशी आणतात. शेळ्यांना वरून झाकलेला, पक्क्या दाराचा गोठा हवा. संडास घराला लागून हवा, रात्री अंगण ओलांडावं लागू नये. लहान मुलांना अंधार पडल्यावर एकटं सोडू नये. सरपण भिंतीला टेकवून रचू नये, त्यात उंदीर येतात आणि त्यांच्यामागं साप. मण्यार रात्री फिरते, म्हणून जमिनीवर न झोपता खाटेवर मच्छरदाणी लावून झोपावं.

आणि दिवे कमी लावावेत. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा परिसरात काजवे येतात, हे आता दूरवर माहीत झालं आहे. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक. आपला झगझगीत दिवा त्यांची हाक पुसून टाकतो. आम्ही बाहेरचा एकच दिवा ठेवला आहे, खाली तोंड केलेला, आणि ते तीन आठवडे तोही बंद.

जिल्ह्याच्या कोरड्या भागातले लोक म्हणतील, आमच्याकडं रानच कुठं आहे? त्यांनी हिवरे बाजार पाहावं. जेमतेम पावसाच्या त्या गावानं १९९० च्या दशकात पोपटराव पवारांच्या पुढाकारानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान स्वीकारलं, डोंगरावर चर खणले, पाणी मुरवलं. उजाड टेकड्या हिरव्या झाल्या आणि बाहेर गेलेली कुटुंबं परतून आली. तिथं झाडी आधी आली, घरं मागून. कोरड्या माळावर घर बांधणाऱ्यानंही पाया खणण्याआधी चार झाडं लावावीत. घर पूर्ण होईतो ती गुडघ्याला तरी लागतील.

मरून गेलेल्या जांभळीच्या जागी आम्ही गेल्या पावसाळ्यात दोन रोपं लावली. त्यांची सावली आम्हा दोघांच्या वाट्याला बहुधा येणार नाही, पण कवाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाट्याला येईल.

तेव्हा मंडळी, घर जरूर बांधा. कागद पाहा, मिस्त्री पाहा, पैशांची जुळवाजुळव करा. फक्की मारण्याआधी मात्र एक पावसाळा जाऊ द्या. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जागेवर जा. आणि त्या वाटेनं जो कुणी जात असेल त्याला थांबवून विचारा, “इथं पूर्वी काय होतं?”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)